सोनेरी पेटीतील सूर आणि कानाची कसोटी

सराफाच्या पेढीवर आलेला दागिना कितीही झळझळीत असो, त्याचे वर्णन ऐकून सराफ भाव सांगत नाही. तो दागिना कसोटीच्या दगडावर घासतो, उमटलेली रेघ आम्लाने तपासतो, तराजूत वजन करतो आणि मगच बोलतो. दागिना आणणारा मनुष्य प्रामाणिक असणे आणि सोने कसाचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. परंतु सूर विकत घेण्याची वेळ आली म्हणजे हीच सावधगिरी बाजूला राहते. लाख-दोन लाखांचा संगीत प्लेअर घेताना ग्राहक बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी वर्णन वाचतो, स्वतः पाच मिनिटे ऐकतो आणि पैसे मोजतो.

अलीकडे अनेक घरांतील तरुण मंडळी अशा उंची प्लेअरची हौस बाळगतात. मोबाइलवर गाणी वाजत असताना वेगळे यंत्र कशासाठी, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. ‘ऐकून पाहा म्हणजे समजेल’, असे उत्तर मिळते. दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी एका गाजलेल्या यंत्राचे उदाहरण उपयोगी पडेल.

दोन भावंडे

सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीस आणला. त्याची किंमत ३३,००० येन होती. संगीत खिशात घालून हिंडण्याची कल्पना तेथून जगभर रूढ झाली. पुढे कॅसेट मागे पडली. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि त्यानंतर संगीत मोबाइलमध्येच सामावले. वॉकमन हे नाव आता इतिहासजमा होणार, असे वाटत असता त्याच कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दोन नवे वॉकमन मांडले. एकाचे नाव एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१ए आणि दुसऱ्याचे एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड. सोयीसाठी पहिल्यास काळा व दुसऱ्यास सोनेरी म्हणू.

काळ्या प्लेअरची पेटी ॲल्युमिनियमची, वजन २६७ ग्रॅम आणि साठवण १२८ जीबी. सोनेरी प्लेअरची पेटी ऑक्सिजनमुक्त तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेली, वर सोन्याचा मुलामा, वजन ४५५ ग्रॅम आणि साठवण २५६ जीबी. अमेरिकेत काळ्याची किंमत सुमारे १,२०० डॉलर, तर सोनेरीची सुमारे ३,२०० डॉलर ठेवण्यात आली. त्या वेळच्या विनिमय दराने पहिल्याचे सुमारे ८०,००० रुपये आणि दुसऱ्याचे दोन लाखांहून अधिक होतात.

यातील खरी मेख पुढे आहे. अंकांत साठविलेल्या संगीताचे हेडफोनला चालविणाऱ्या विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारी मुख्य चिप दोन्ही यंत्रांत एकच आहे. पडदा, कळा आणि वापरण्याची रीतही सारखीच. फरक आहे तो पेटीच्या धातूत, आतील काही तारांत, काही सुट्या भागांत, साठवणीत आणि अर्थातच किमतीत. तांब्याचा विद्युत्‌रोध कमी असतो, म्हणून तांब्याच्या पेटीमुळे विजेच्या मंडलाला स्थिर आधार मिळतो आणि आवाज सुधारतो, अशी निर्मात्यांची भूमिका होती. तांबे हवेने काळवंडते, म्हणून त्यावर सोन्याचा मुलामा. म्हणजे येथे सोने दागिन्यासारखे तोलून विकलेले नाही. ग्राहक २,००० डॉलर अधिक मोजतो ते सुरासाठी.

रसिकांची साक्ष

हे दोन्ही प्लेअर शेजारी ठेवून ऐकणारे हौशी रसिक जपान, सिंगापूर, अमेरिका, युरोप आणि भारत अशा सर्व ठिकाणी होते. टोकियोच्या आकिहाबारा भागात तर अशी यंत्रे ग्राहकास हवा तितका वेळ ऐकू देणारी दुकानेच आहेत. मनुष्य स्वतःचे इअरफोन आणि आवडीची गाणी घेऊन जातो व शांतपणे ऐकत बसतो.

या रसिकांनी नोंदविलेल्या अनुभवांत आश्चर्य वाटावे इतके साम्य आढळते. काळा प्लेअर स्वच्छ, चपळ आणि नेमका वाटतो, प्रत्येक वाद्याची कड वेगळी दिसते, मात्र काहींना तो किंचित कोरडा भासतो. सोनेरी प्लेअर उबदार वाटतो, खर्जातील नाद भरदार येतो, गाणाऱ्याचा कंठ जवळ आल्यासारखा वाटतो आणि वाद्यांभोवतीचा अवकाश मोठा होतो. क्वचित कोणी त्यास फार गोड किंवा सुस्तही म्हणतो. नवे यंत्र शे-दोनशे तास वाजविल्यावर त्याचा आवाज खुलतो, असाही या मंडळींचा दृढ विश्वास असतो. रोज दोन तास ऐकले तर २०० तासांस १०० दिवस लागतात. एवढ्या अवधीत यंत्र बदलले की ऐकणाऱ्या कानास त्याची सवय झाली, हे वेगळे काढणे अवघड असते.

ही वर्णने खोटी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. लिहिणारे बहुतेक जण कंपनीचे पगारी नसतात. त्यांनी स्वतःचा पैसा घातलेला असतो, रात्र-रात्र जागून ऐकलेले असते आणि जे जाणवले तेच ते सांगतात. पुष्कळ जणांचे एकमत हाही एक प्रकारचा पुरावा आहे. तथापि पेढीवर जसे, तसेच येथेही विचारावयास हवे, की या साक्षीदारांनी साक्ष देण्यापूर्वी काय-काय पाहिले होते?

त्यांनी पेटीचा रंग पाहिला होता. किंमत ठाऊक होती. बहुतेकांनी इतरांचे अभिप्राय आधी वाचले होते. शिवाय ‘तांबे उबदार, चांदी तेजस्वी’ हा समज ध्वनिरसिकांत तारांच्या निवडीपासून रूढ आहे. ही विशेषणे धातूंच्या रंगांशीही नेमकी जुळतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक यंत्र हातात घेताच दुसऱ्यापेक्षा पावणेदोनशे ग्रॅमहून अधिक जड लागते. कानात सूर पडण्यापूर्वीच हाताने निकाल सांगितलेला असतो.

डोळे बांधल्यावर

किमतीचे ज्ञान अनुभव बदलते काय, याचा अभ्यास झालेला आहे. २००८ मध्ये अमेरिकेतील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ स्वयंसेवकांना वेदनाशामक म्हणून एक गोळी देण्यात आली. प्रत्यक्षात तिच्यात औषध नव्हते. निम्म्यांना गोळीची किंमत अडीच डॉलर सांगितली, उरलेल्यांना ती दहा सेंटवर उतरविल्याचे सांगितले. महाग गोळी घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांना वेदना कमी झाल्याचे जाणवले. स्वस्त गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते. यांतील कोणीही खोटे बोलत नव्हते. आराम खरोखरच वाटला होता, फक्त त्याचे कारण गोळीत नव्हते.

संगीताच्या क्षेत्रातील प्रसिद्ध प्रयोग व्हायोलिनचा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धेच्या निमित्ताने २१ कसलेले वादक निवडण्यात आले. त्यांच्यापुढे सहा वाद्ये ठेवली: तीन नवी आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचे, म्हणजे जगातील सर्वांत मोलाच्या वाद्यांपैकी. खोलीत मंद उजेड ठेवला, वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढविले आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून वाद्यांवर किंचित अत्तरही लावले. घरी न्यायला कोणते वाद्य आवडेल, असे विचारता केवळ आठ जणांनी जुने वाद्य निवडले. तेरा जणांनी नवे. सर्वांत नापसंत ठरलेले वाद्य स्ट्रॅडिव्हेरियसचेच होते. तिन्ही जुन्या वाद्यांची एकत्रित किंमत नव्यांच्या सुमारे शंभर पट होती.

ध्वनियंत्रांच्या बाबतीत असे परीक्षण फार पूर्वीपासून होत आले आहे. क, ख आणि अज्ञात अशा तीन नमुन्यांपैकी अज्ञात नमुना क आहे की ख, एवढेच श्रोत्याने ओळखायचे, ही पद्धत १९५० पासून शास्त्रीय वाङ्मयात आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील मेयर आणि मोरन या दोघांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या मर्यादेतून गाळून लोकांना ऐकविले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडविले असते तरी एवढेच आले असते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये लंडनचे प्राध्यापक जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात एकूण यश ५२ टक्क्यांच्या आसपास भरले, पण प्रशिक्षित श्रोत्यांचे यश सुमारे ६० टक्के होते. म्हणजे कान तयार करता येतो. फरक असतो तेथेही तो इतका सूक्ष्म असतो, की दहांपैकी चार वेळा तयार कानही चुकतो. ‘रात्र आणि दिवस इतका फरक’ असे वर्णन वाचताना हे आकडे लक्षात ठेवावेत.

खरा फरक कोठे असतो

याचा अर्थ सर्व प्लेअर सारखेच, असा मात्र नाही. काही फरक मोजता येतात आणि ऐकूही येतात. एखादा मोठा, ३०० ओहम रोधाचा हेडफोन साध्या मोबाइलला जोडला तर आवाज अपुरा पडतो. चांगला प्लेअर त्यास पुरेसा जोर देतो. अतिसंवेदनशील इअरफोन हलक्या यंत्रास जोडला तर गाण्याच्या मागे बारीक सळसळ ऐकू येते. चांगल्या यंत्रात ती नसते. यंत्राचा स्वतःचा रोध इअरफोनच्या रोधाच्या मानाने जास्त असेल, तर एकापेक्षा अधिक ध्वनिघटक असलेल्या इअरफोनचा स्वभावच बदलतो. एका स्वरपट्टीतील आवाज उठतो, दुसरीतील दबतो. हे सर्व मीटरवर दिसते आणि डोळे बांधूनही कळते.

याहून मोठा फरक हेडफोनचा असतो. दोन चांगल्या प्लेअरमधील अंतर सुताएवढे असेल, तर दोन हेडफोनमधील अंतर हातभर असते. आणि सर्वांत मोठा फरक मूळ ध्वनिमुद्रणाचा. मिरजेस वास्तव्य केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांचे गाणे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत सामावलेले आहे. त्या काळच्या मुद्रणात जे उतरलेच नाही, ते कोणतीही सोनेरी पेटी निर्माण करू शकत नाही. तरीही तो सूर साध्या रेडिओवर ऐकून पिढ्या घडल्या, हेही खरेच.

महाराष्ट्रातील श्रोत्याजवळ यंत्र पारखण्याचे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तानपुरा. मिरजेचे तानपुरे देशभर नावाजलेले आहेत. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात, त्यामुळे एका तारेतून मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर झंकारतात. तीच जवारी. घोडीच्या या करामतीवर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. मैफलीच्या चांगल्या मुद्रणात गायक थांबला असता तानपुऱ्याची आस किती वेळ ऐकू येते, चारही तारा वेगळ्या कळतात की त्यांची एक सरमिसळ गुणगुण होते, हे लक्ष देऊन ऐकावे. यंत्रांच्या वर्णनातील शंभर विशेषणांपेक्षा ही एक परीक्षा अधिक सांगून जाते.

घरच्या घरी कसोटी

महाग प्लेअर घेण्यापूर्वी, किंवा दुकानदाराची अनुमती असल्यास दुकानातच, पुढील परीक्षा करता येते. त्यासाठी घरातील आणखी एका माणसाचे सहकार्य लागते.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही यंत्रांचा आवाज समान करावा. आवाजात किंचित वाढ झाली तर ती मोठेपणा म्हणून जाणवत नाही, तर ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरदार’ अशीच जाणवते. बहुतेक फसगत येथेच होते. अंदाजाने आवाज जुळविणे पुरेसे नाही. हेडफोन जोडलेला असताना एकच स्थिर कसोटी-स्वर वाजवून साध्या मल्टिमीटरने दोन्हींचे व्होल्टेज सारखे करावे. दुसरी गोष्ट, गाणे तेच, हेडफोन तोच आणि यंत्रातील आवाज फुगविणाऱ्या सर्व सोयी बंद. तिसरी, दोन्ही यंत्रे कापडाखाली ठेवावीत आणि ऐकणाऱ्याने ती हातात घेऊ नयेत. चौथी, पत्नीने, भावाने किंवा मुलाने नाणे उडवून ठरवावे, की या खेपेस कोणते यंत्र जोडायचे, आणि त्याची नोंद कागदावर ठेवावी. ऐकणाऱ्याने आपले उत्तर वेगळ्या कागदावर लिहावे. तुकडे लहान घ्यावेत, कारण ध्वनीची बारीक आठवण काही सेकंदांतच विरते.

असे दहा वेळा करावे. पाच-सहा उत्तरे बरोबर आली तर तो केवळ योगायोग समजावा. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र कानास खरोखरच फरक कळतो, असे मानण्यास आधार आहे. निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण एक टक्का आहे. फरक कळला तरी त्यापुढे आणखी एक प्रश्न उरतो: दोहोंपैकी कोणता आवाज अधिक आवडला? व्हायोलिनच्या प्रयोगाप्रमाणे उत्तर स्वस्त यंत्राच्या बाजूने लागले तर संकोचू नये.

या कसोटीत हरण्यासारखे काही नाही. फरक कळला तर खर्च डोळसपणे होतो. न कळला तर मोठी रक्कम वाचते.

जमाखर्च

रकमेकडेही एकदा पाहू. काळा आणि सोनेरी यांतील २,००० डॉलरचे अंतर त्या वेळच्या दराने सुमारे १,३३,००० रुपयांचे होते. उदाहरणादाखल वार्षिक सात टक्के व्याज धरले तर केवळ व्याजाचेच वर्षाला नऊ हजारांहून अधिक रुपये होतात. तेवढ्यात दरवर्षी एखादा चांगला हेडफोन येईल किंवा घरातल्या मुलीची गाण्याची शिकवणी चालेल. शिवाय जुने व्हायोलिन मोल टिकवते, परंतु विजेवर चालणारे यंत्र टिकवत नाही. त्याची बॅटरी थकते आणि नवी आवृत्ती येते. या दोन प्लेअरच्या जागीही २०२२ मध्ये त्यांचे वारस बाजारात आले.

तरीही सोनेरी प्लेअर घेणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही. सुबक, घडीव, हातात जड लागणारी वस्तू बाळगण्यात आनंद असतो. तो आनंद घेण्याचा ज्याचा त्याला अधिकार आहे. फक्त तो खर्च वहीत ‘सूर’ या खात्यावर न लिहिता ‘हौस’ या खात्यावर लिहावा. चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कम वर्षअखेरीस हिशेब बिघडवते. हौसेच्या खात्यावर लिहिलेला खर्च कुटुंबाला समजतो, त्याची मर्यादा ठरवता येते आणि ‘तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला कळणार नाही’ असे घरच्यांना सुनावण्याची पाळी येत नाही.

आणि एक ठेव अशी आहे, जी कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्म्यावर येते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ डेसिबलला १० तास. वयोमानाने तीव्र स्वरांची जाण प्रथम कमी होते. मोठ्या आवाजाच्या सवयीने ती त्याहूनही लवकर जाते. दोन लाखांचे यंत्र मोठ्या आवाजात ऐकून कान गमावणारा मनुष्य मुद्दल उडवून तिजोरी तेवढी जपत असतो.

१९७९ च्या त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्याच्या दोन जागा होत्या. एकट्यानेच कानांत संगीत घेऊन बसणे इतरांस उपेक्षेचे वाटेल, अशी सोनीचे अकिओ मोरिता यांना काळजी वाटली होती. म्हणून दोघांनी एकत्र ऐकण्याची सोय ठेवली आणि संगीत न थांबवता एकमेकांशी बोलता यावे यासाठी एक केशरी कळही बसविली. पुढे ती दुसरी जागा नाहीशी झाली. ज्या घरात उंची प्लेअरचा विचार चालू असेल, तेथे एका संध्याकाळी सर्वांनी कापड, नाणे आणि दोन कागद घेऊन वरील परीक्षा करावी. मुलगा ऐकेल, आई यंत्रे बदलेल, आजोबा नोंद ठेवतील. निकाल काहीही लागो, वर्षानुवर्षे आपापल्या कानांत वेगवेगळे ऐकणारे घर त्या संध्याकाळी एकच गाणे लक्षपूर्वक ऐकेल, आणि घ्यायचे की नाही, हा निर्णय सर्वांच्या समक्ष होईल.